मंगळवार, सकाळी अकरा

लातूरच्या बियाणे कंपनीत सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर नव्या एआय सहायकाला जोडलं होतं, राहिली होती फक्त महामाया. व्यवस्थापक वसंतराव तिच्या खुर्चीमागं येऊन खेकसले, "चार दिवस झाले, काय लपवून राहिलीस? माझ्यासमोर जोड." तिनं कॅलेंडर उघडलं. मंगळवारच्या अकराच्या नोंदीवर नजर गेली, ती पुसायला बोटही उचललं. पण दोन वर्षं ऐकलेल्या त्यांच्या शिव्या आठवल्या, आणि नोंद तशीच ठेवून तिनं कॅलेंडर जोडलं. वसंतरावांनी सगळ्यांदेखत सहायकाला हुकूम सोडला, "मंगळवारी अकराला सगळ्यांची बैठक लाव." सहायक खणखणीत आवाजात बोलला, "महामाया उपलब्ध नाहीत. वसंतरावांच्या शिवीगाळीविरुद्ध तक्रार समितीत सुनावणी आहे." सगळ्यांच्या माना वळल्या. "पूस ते!" समितीची नोटीस अजून हाती न पडलेले वसंतराव दातओठ खात म्हणाले. "न्हाई पुसत," महामाया म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या, आजवर गप्प बसलेल्या सुमनबाई उठल्या. "साक्षीदार म्हणून माझंबी नाव टाक, माय."