ताठ मान

आमचे हे सेमारांगच्या घरी सोनेरी अजगर पैदा करून विकतात. अजगरांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असते, पण नक्षीबरोबर मान थरथरण्याचा रोगही रक्तातून उतरतो. नक्षी राहावी, थरथर जावी म्हणून ह्यांनी सात वर्षं जोड्या बदलल्या. “आपली पोरगी शाळेत जायला लागली, तुमची पिल्लं अजून सरळ बघेनात,” मी टोमणे मारायचे. यंदा एक पिल्लू पंधरा दिवस मान ताठ धरून होतं. जकार्ताच्या गिऱ्हाइकासमोर ह्यांनी कौतुकानं चिमट्यात उंदीर धरला. पिल्लू झेपावलं, नेम चुकला, आणि मान उलटी करून ते छताकडे बघत गरगरायला लागलं. ह्यांचा चिमटा तसाच अधांतरी राहिला. “अरे, हे नाचतंय की!” गिऱ्हाईक मोबाईल काढत हसलं. “सुगेंगकाका, असली नाचरी आणखी आहेत?” ह्यांनी सावकाश चिमटा खाली ठेवला. “सगळीच,” हे म्हणाले.