नव्यासारखा

गिऱ्हाइकाचा फोन कंपनीच्या कुलपातून सोडवून त्यात खुली सिस्टिम घालावी ती शिरगुपेंनीच. सांगलीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. “फोन आपला, मग किल्ली कंपनीकडं का?” ते छाती ठोकून विचारायचे. लेक पुण्याहून हसायची. “बाबा, लोकांना कुलूपच आवडतं. बाजारात तेच टिकणार.”

आज दुकानातल्या टेबलावर बायकोचा फोन होता. तिला जाऊन चार महिने झाले होते. आजारपणात लिहायला हात चालेना, म्हणून ती एका ॲपमध्ये रोज थोडं बोलून ठेवायची; ते सगळं त्या फोनमध्येच साठलेलं. कंपनीनं त्या जुन्या फोनला नवी सिस्टिम देणं केव्हाच थांबवलं होतं आणि आता ते ॲपही नवी सिस्टिम मागत होतं, त्याशिवाय उघडत नव्हतं.

नवी सिस्टिम घालणं म्हणजे शिरगुपेंचा रोजचा धंदा. त्यांनी केबल जोडली. पडद्यावर नेहमीचीच सूचना आली : कुलूप काढल्यास फोनमधलं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

हे बटण दाबण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचे, “सगळं उतरवून घेतलंय ना?” आज समोरच्या खुर्चीत कुणीच नव्हतं. सवयीनं बोट ‘होय’वर पडलं.

अर्ध्या तासानं फोन सुरू झाला. त्यानं ‘नमस्कार’ म्हटलं आणि मालकाचं नाव विचारलं. शिरगुपेंनी आत ते ॲप शोधलं; तिथं काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “जमलं का, बाबा? आईचा आवाज ऐकवा ना.”

“चालू झाला गं,” ते कसंबसं म्हणाले. “अगदी नव्यासारखा.”