सैल दोरा

जावई खोटा निघाला, तर दमयंतीबाईंचा फायदाच होता. लेक, पूर्वी, पुण्याला परत येणार, वरच्या मजल्यावरच्या बंद खोल्या उघडणार, आणि पासष्टीनंतर घरात आपल्याखेरीज आणखी कुणाची तरी पावलं वाजणार. जावई खरा निघाला, तर नव्वद दिवसांचा जपानी व्हिसा संपवून एकटीनंच परतायचं. हिशेब एवढा सरळ होता, की कासुमिगाउराच्या तळ्याकाठी सोसाट्याच्या वाऱ्यात घडीच्या खुर्चीवर बसायला त्यांची मुळीच तक्रार नव्हती.

सुरुवात पूर्वीनंच करून दिली होती. "दर शनिवारी मासे पकडायला जातो म्हणतो, आई. चार वर्षांत एक मासा घरी आलेला नाही." एवढं बोलून ती भांडी विसळायला वळली. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या बाईला एवढी ओळ पुरेशी होती. काल तीच पुन्हा म्हणाली, "उद्या तू जाच त्याच्याबरोबर. मलाही घर आवरायचंय."

सौमित्र तारेच्या एका छोट्या पिंजऱ्यात ओला भुगा दाबून भरत होता.

"काय हो हे, सौमित्रराव? लाडू वळताय?"

"चारा आहे, आई. रताळं, कोंडा, आणि थोडी रेशीमकिड्यांची पूड."

दमयंतीबाईंनी शालीचं टोक नाकाला लावलं.

"पिंजरा तळाशी जाऊन बसतो, चारा हळूहळू सुटत राहतो. मासा येतो चाऱ्यासाठी. गळ शेजारीच असतो."

"म्हणजे फसवणूकच की!"

"सावकाश केलेली," सौमित्र हसला. हा माणूस हसला की दमयंतीबाईंचा संशय वाढायचा.

त्यानं गळ लांब फेकला, काठी टेकणाला लावली आणि टोकाला एक इवलीशी घंटी अडकवली. वाऱ्यानं ती लगेच किणकिणायला लागली. दमयंतीबाई दचकल्या.

"घंटीकडे नका बघू, आई. ती वारा वाजवतोय. खरा मोठा मासा कधीकधी आपल्याच दिशेनं पोहत येतो. तेव्हा दोरा नुसता सैल पडतो. लक्ष नसलं तर कळतसुद्धा नाही."

दमयंतीबाईंचं लक्ष दोऱ्यावरही नव्हतं आणि घंटीवरही. ते सौमित्रच्या खिशातल्या फोनवर होतं.

अकराला तो पहिल्यांदा वाजला. सौमित्र बांधाच्या पलीकडे गेला आणि जपानीत बोलत राहिला. बाराला पुन्हा तेच. वारा नेमका त्यांच्या बाजूनं होता. तीन आठवड्यांत त्यांना जपानी शब्द चारच आले होते, आणि त्यातला एक वाऱ्यावर स्वच्छ आला: सेन्ताक्की. धुण्याचं मशीन! शनिवारी, तळ्याकाठी, बांधाआड जाऊन नवरा माणूस धुण्याच्या मशीनबद्दल कुणाशी बोलतो?

मग त्यांनी त्याची पेटी उघडली. शिशाचे तुकडे, गळ, आणि तळाशी एका पाकिटात एक सुटी किल्ली. घराची किल्ली तर त्याच्या पट्ट्याला लटकत होती.

त्यांनी पूर्वीला फोन लावला.

"पूर्वी, नीट ऐक, आणि रडू नकोस. तुझ्या नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड आहे. किल्ली सापडलीय मला. मशीनसुद्धा घेतलंय बहुतेक!"

पलीकडे काहीतरी चर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"काय फाडतेयस गं?"

"काही नाही. वारा असेल, तुझ्याकडचा." पूर्वीचा आवाज अगदी शांत होता. सोसलेली पोर, दमयंतीबाईंना वाटलं. "आई, तू त्याला काही बोलू नकोस. फक्त लक्ष ठेव. आणि पाचच्या आत निघू नका हं. कदाचित आणखी काही सापडेल."

"तू काळजी करू नकोस. मी आहे ना. पुण्याला जाऊ आपण."

पूर्वीनं पलीकडे पुन्हा काहीतरी चर्रकन ओढलं. मग म्हणाली, "स्वेटर घालून बस."

तीनच्या सुमाराला दोरा सैल पडला आणि घंटी वाजायची थांबली. सौमित्र झटकन उठला. वीस मिनिटं झुंज चालली, आणि हातभर लांबीचा सोनेरी मासा काठाला आला. त्यानं ओल्या हातांनी गळ काढला, मासा पाण्यात धरला आणि सोडून दिला.

"अहो! दिवसभराची मेहनत! घरी का नाही नेत?"

"त्याला यायचं नसतं, आई."

परतीच्या गाडीत दमयंतीबाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. किल्ली त्यांनी पाकिटासकट पर्समध्ये घातली होती. पुरावा हातात असलेला बरा.

फुनाबोरीला घराचं दार उघडलं. चपलांचा कप्पा अर्धा रिकामा होता. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मशीन नव्हतं. त्याखालचा पांढरा चौकोनी ट्रे तेवढा होता आणि वर नळाला पाइप नीट गुंडाळून बांधलेला. ओट्यावर चिकटपट्टीचं संपलेलं रीळ पडलं होतं.

"पूर्वी?" दमयंतीबाईंनी हाक मारली.

"नागोयाला गेली," सौमित्र बूट काढत म्हणाला. "नोकरी लागलीय तिला तिथं. आमचं गेल्या वर्षीच संपलं होतं, आई. तुम्ही घरात असतात, तर सामान नागोयाऐवजी पुण्याला गेलं असतं, असं ती म्हणाली. ट्रकवाल्यांशी बोलणं आणि तुम्हाला तळ्यावर थांबवणं, एवढं माझ्याकडे होतं."

दमयंतीबाईंनी पर्समधलं पाकीट पुढे केलं.

"राहू दे. ती तिचीच, या घराची किल्ली आहे, तुमच्यासाठी माझ्याकडे देऊन गेलीय." तो स्वयंपाकघराकडे वळला. "खिचडी टाकू ना?"

दमयंतीबाई खुर्चीत बसल्या आणि सवयीनं त्यांनी बेरीज केली. पूर्वीला नागोया आणि धुण्याचं मशीन. आपल्याला हवा होता तसा मोडलेला संसार, एक किल्ली, आणि व्हिसा संपेपर्यंत अडुसष्ट दिवस जावई.