नकाशामागचं दार

परवान्याच्या तपासणीला आलेले साहेब नकाशासमोर येऊन उभे राहिले आणि सून घाईने दोन पावलं पुढे सरकली.

बाकी सगळं बघून झालं होतं. टेबल, खुर्च्या, बाहेरची पाटी. फोन उचलून कानाला लावून झाला होता. सहली काढणाऱ्या एजंटाच्या हाताखाली तिने इतकी वर्षं काम केल्याचं पत्र साहेबांनी जाड भिंगांच्या चष्म्यातून दोनदा वाचलं होतं आणि कुठेही बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. राहिला होता तो भिंतीवरचा जगाचा नकाशा, आणि त्या अख्ख्या कचेरीत साहेबांनी बघू नये अशी वस्तू तेवढीच होती.

कारण नकाशामागे दार होतं, दारामागे घर होतं आणि घरात सासू होती.

मागच्या तपासणीला साहेबांनी हेच दार बघून शेरा मारला होता. कचेरी राहत्या घरापासून वेगळी हवी, मधलं दार विटांनी बुजवा, मगच सहली काढायचा परवाना. बुजवा म्हणायला काय जातंय! दार बुजवलं तर सासूने हाक मारली की रस्त्यावर उतरायचं, इमारतीला वळसा घालायचा आणि मागच्या गल्लीतून घरात शिरायचं. आणि सासूच्या हाका म्हणजे काय विचारता? कंबर मोडून अंथरुणाला खिळल्यापासून तिला दुसरा उद्योग नव्हता. उशी सरकली, हाक. माशी बसली, हाक. काही झालं नाही, तर काही झालं नाही हे सांगायला हाक. म्हणून सुनेने गवंडी बोलावलाच नाही. भला मोठा नकाशा आणला आणि तपासणीपुरता दार, चौकट, सगळ्यावरून चिकटवून टाकला. आज पुन्हा नकार मिळाला तर वर्षभर अर्ज करायची सोय नव्हती, आणि नोकरी तर ती केव्हाच सोडून बसली होती.

सकाळी तिने सासूला हात जोडून सांगितलं होतं, साहेब जाईपर्यंत तोंडातून ब्रही काढू नका. सासू भडकली. माझ्याच घरात मला मुकी करतेस होय, म्हणाली. मग भिंतीकडे तोंड फिरवून, "बघू," एवढंच पुटपुटली. त्या 'बघू'ने सुनेचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

साहेबांनी नकाशावर, ऐन समुद्राच्या मधोमध, बोट टेकवलं. तिथे कागद चांगला टेंगळासारखा वर आला होता. खाली दाराची मूठ होती.

"इथे कुठलं बेट आहे?"

चिकटवताना हवा राहिली असेल, असं काहीतरी सून बोलली. ते तिचं तिलाच पटलं नाही. साहेब नुसतं 'हं' म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. या 'हं'चा अर्थ काय लावायचा माणसाने?

मग प्रश्न सुरू झाले. सहल रद्द झाली तर काय कराल, गिऱ्हाईक परमुलखात आजारी पडलं तर कुणाला फोन कराल. हे तिच्या हातचं काम होतं. ती धडाधड उत्तरं देत होती, पण कान मागे होते. आणि मागून आवाज नव्हता. आधी तिला हायसं वाटलं. मग जरा चमत्कारिक वाटायला लागलं. त्या खोलीत इतका वेळ शांतता तिने कधी ऐकलीच नव्हती.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. पेला पडल्याचा नव्हे, माणूस पडल्याचा.

साहेबांनी मान वर केली.

"शेजारी सामान हलवतायत," ती म्हणाली. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिला स्वतःचीच किळस आली.

आता हाक येईल, तिला वाटलं. हाक येईल आणि परवाना जाईल. ती वाट बघत राहिली. हाक आली नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, कागद पुढे ओढला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. साहेबांची तेवढी सही झाली की ती सुटणार होती. मारा हो एकदा हाक, ती मनात म्हणत होती, जाऊ दे तो परवाना खड्ड्यात, पण मारा. मागे सगळं गप्प होतं.

ती उठली. साहेबांसमोरून गेली, ते बेट मुठीत धरलं, फिरवलं आणि दार ढकललं. नकाशा वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटला.

सासू पलंगाशेजारी जमिनीवर एका कुशीवर पडली होती. पाण्याचा पेला लांब घरंगळला होता. चादरीचं टोक तिने बोळा करून दातांत गच्च धरलं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो आई, हाक नाही का मारायची?" सून खाली बसली, आणि बोलता बोलता तिलाच रडू फुटलं.

सासूने बोळा काढला. दुखण्याने तिला धड श्वास घेता येत नव्हता. डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरचंही नीट दिसत नव्हतं, तरी सुनेवर डाफरायची ती थांबली नाही. फक्त अगदी हळू, कुजबुजत डाफरली.

"आधी दार लाव गं. साहेब बघतील."

साहेब चौकटीतच उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि चाचपडत, सासूचे पाय उचलायला आत आले.