तिसरा वाल

सासूबाई चार दिवसांनी लेकीकडून परतल्या, तर सून मोड आलेले वाल सोलत बसलेली.

"कुठले गं हे?"

"त्या पत्र्याच्या डब्यातले. राख पडली होती त्यात, चार पाण्यांनी धुतले. म्हटलं, तुम्ही येताय तर बिरडं करावं."

"राख मीच घातली होती, कीड लागू नये म्हणून. माझ्या आईच्या परसातलं बियाणं ते, तीस वर्षं दरसाल लावून जपलेलं. तेवढंच उरलं होतं."

सुनेचा हात थांबला. तीस वर्षं जपलेलं बी आपण तीन दिवसांत संपवलं! तिचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी ताट ओढून न सोललेले वाल वेचले आणि पदर खोचला. "रडतेस काय? मोड आलेत म्हणजे जीव आहे. दिवाळी झाली, वाल लावायची हीच तर वेळ. चल परसात."

सुनेने पहिल्या आळ्यात एक वाल टाकला. कुंपणावरून खार टक लावून बघत होती.

"दोन टाक. एक आपला, एक तिचा."

पुढच्या आळ्यात सुनेने तीन टाकले.

"तिसरा कुणाचा?"

"माझ्या सुनेचा," नाक पुसत ती म्हणाली. "तीही एक दिवस हा डबा बिरड्याला काढेलच की!"