उजव्या कानातल्या दमयंतीबाई

रेडिओतली नोकरी संपली तरी कमलाकरांचं काम सुटलं नव्हतं. जुनी ध्वनिमुद्रणं दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी लागतात, नाहीतर आवाज कायमचे जातात. कामोठ्यातल्या घरी, दुपारच्या चहाआधी, ते हे काम अगदी सुखात करत.

पडताळणीची त्यांची रीत ठरलेली होती. हेडफोन लावायचा, डाव्या कानात जुनी प्रत, उजव्या कानात नवी. दोन्ही जुळल्या की आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध उभा राहतो.

आज उरणच्या दमयंतीबाईंची कोळीगीतं होती. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. दोन गाण्यांच्या मध्ये त्या म्हणतात, "जरा पानी दे रं बाबा." मग घोट घेतल्याचा आणि पेला टेकल्याचा आवाज येतो. तेवढ्यात कमलाकर दर वेळी गंमत म्हणून आपला भरलेला पेला पुढे सरकवत. त्यांच्या पत्नी चारुताबाई त्यावरून त्यांना हसायच्या.

आजही आवाज छान मधोमध उभा राहिला.

"जरा पानी दे रं बाबा."

कमलाकरांनी पेला सरकवला आणि समाधानाने डोळे मिटले.

डाव्या कानात पेला टेकला, पुढचं गाणं सुरू झालं. उजव्या कानात बाई अजून पीतच होत्या.

मग तिथेही पेला टेकला.

"बरं वाटलं," उजव्या कानात बाई म्हणाल्या. "किती येला मागितलं रं मी."

कमलाकरांनी डोळे उघडले. पेला जागेवरच होता. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं, आणि ते अजून हलत होतं.