म्हशीची चौकशी

"म्हैस?" शुभदाताईंनी पुन्हा विचारलं. "विकायची?"

"व्हय. दुभती असली तर बगावी म्हनलं," रखमाजी म्हणाले.

शुभदाताईंनी मागे वळून पाहिलं. मागे चार इमारती होत्या. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, खाली दुचाक्या लावल्या होत्या.

"आजोबा, इथं दूध पिशवीतून येतं," त्या म्हणाल्या.

रखमाजी डगमगले नाहीत. पासलीच्या डोंगरात भातशेती करून त्यांनी दोन मुली उजवल्या होत्या. मुलगी द्यायची तर आधी घर बघायचं, आणि घराबद्दल उघड विचारायचं नाही. उघड विचारलं की शेजारी गोड बोलतात. म्हणून म्हशीचं निमित्त काढून जायचं, खरं नाव-गाव सांगायचं नाही आणि इकडचं तिकडचं बोलत माणसं पारखायची. थोरलीच्या वेळी तर ते एका गावाहून खरंच म्हैस घेऊन परतले होते. म्हैस चांगली निघाली. तिथं सोयरीक मात्र त्यांनी केली नाही.

या खेपेला मुलगी द्यायची नव्हती. सून आणि नात राहायला धाडायची होती. त्यांचा मुलगा धनाजी कारखान्यात होता. एक आठवडा सोडून त्याला रात्रपाळी असायची. त्या रात्री प्रेरणा आणि चार वर्षांची पोर दोघीच घरात राहणार. धनाजीनं दोन ठिकाणी घर बघितलं होतं. एक पुण्याच्या अंगाला. तिथं मोठं फाटक, कॅमेरे, गणवेशातला वॉचमन, आणि हप्ता असा की घरात नुसतं मीठ-मिरचीच शिजेल. दुसरं हे, कामथडीचं. खिशाला झेपणारं, पण फाटकच नव्हतं. धनाजीचं मन त्या फाटकाशी अडलं होतं. आज बिल्डरला हो की नाही सांगायचं होतं. नवरा-बायको नसरापूरला बिल्डरच्या ऑफिसात बसले, तेव्हा रखमाजी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले आणि जीप धरून इथं उतरले.

"कुठले तुम्ही?" शुभदाताईंनी विचारलं.

"पालीचा."

समोरच्या किराणा दुकानातून मानसिंग बाहेर आला. "पालीत कुणाच्यातले, पाव्हणं? माझी बहीण पालीतच दिलीया."

रखमाजींनी टोपी सारखी केली. "गावात न्हाई. गडाच्या वाटंला, कडंला."

"कडंचं घर माझ्या दाजींचं. तुमाला कधी बगितलं न्हाई तितं."

रखमाजींनी टोपी पुन्हा सारखी केली. मानसिंगनं दुकानातली खुर्ची आणून झाडाखाली ठेवली.

"बसा. च्या घ्या. पर उठू नका."

चहा आला. वरून एका बाईनं खेळणाऱ्या पोरांना हाका मारून घरात घेतलं. शुभदाताईंनी मोबाईलवर रखमाजींचा फोटो काढला आणि चारी इमारतींना पाठवला. दोघं-तिघं खाली उतरले. एक जण दुचाक्यांशी जाऊन उभा राहिला. कोणी अंगाला हात लावला नाही, कोणी आवाज चढवला नाही. पण वाटही कोणी सोडली नाही. सत्तरी ओलांडलेल्या रखमाजींचे कान तापले. आयुष्यात त्यांच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

"असे हळूच येऊन घरं हेरून जातात," कोणीतरी म्हणालं.

"दिसायला तर गरीब दिसतायत."

"मग काय पाटी लावून येतील?"

शेवटी शुभदाताई त्यांच्यासमोर वाकून म्हणाल्या, "आजोबा, म्हैस राहू द्या. तुमच्या घरच्या माणसाला फोन लावा. तो आला की सोडू."

रखमाजींनी निमूटपणे फोन लावला.

धनाजी मोटारसायकल दामटतच आला. मागे प्रेरणा. बाप खुर्चीत, भोवती माणसं, हे बघून त्याचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. त्यानं आपलं नाव, बापाचं नाव, पासली, सगळं सांगितलं. आपण इथंच घर बघत होतो, हेही सांगितलं. लोक ओशाळले. मानसिंगनं रखमाजींच्या पायाला हात लावला.

"चुकलं, आबा. पर तुमी पाली का सांगितली?"

"त्यांना काय विचारताय?" धनाजी म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला चोरासारखं बसवून ठेवलं. असल्या लोकांत घर नकोच आम्हाला. प्रेरणा, बस गाडीवर. कर्ज वाढलं तर वाढलं, पुण्याच्या बाजूचंच घेऊ."

रखमाजी उठले नाहीत. बशीत उरलेला चहा त्यांनी सावकाश संपवला.

"हितलंच घे," ते म्हणाले.

"इथलं? आबा, तुमाला चोर म्हणून धरलं यांनी."

"म्हून तर."

धनाजी गाडीकडे वळला. प्रेरणा मात्र सासऱ्याकडे बघत राहिली. गुरुवारी आबा दिवसभर घरी नव्हते. कुठे गेलात म्हणून विचारलं, तर नुसते हसले होते.

"आबा, त्या पुण्याकडच्या सोसायटीत पण जाऊन आलात ना तुमी?"

"गेलतो की."

"तिथं काय विचारलंत?"

"म्हसच. दुसरं काय इचारनार?"

"मग?"

रखमाजींनी कपबशी खुर्चीखाली ठेवली आणि तोंड पुसलं.

"वॉचमननं मोबाईलातनं मान बी वर केली न्हाई. म्हनला, दुसऱ्या मजल्यावर इचारा."